हरणांचा वाटा : पातूर परिसरातील वावर, रमणा आणि शिकार

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन जेथे संपते आणि अजिंठ्याच्या रांगेचा चढ जेथे सुरू होतो, त्या सांध्यावर पातूर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. जुन्या कारभारात खालच्या खोऱ्याला पायनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. पातूर या दोहोंच्या शिवेवरचे ठिकाण. गावाच्या एका अंगाला ज्वारी-कापसाची वावरे, दुसऱ्या अंगाला साग, सालई आणि धावडा यांचे पानगळीचे रान, आणि मधल्या पट्ट्यात खडकाळ उतार, नाले व गवताचे तुकडे, अशी येथील भूमीची ठेवण आहे. दिवसा दडायला आडोसा आणि रात्री चरायला कोवळे पीक एका रात्रीच्या चालीत मिळावे, यासाठी चरणाऱ्या वन्य प्राण्याला याहून सोयीची जागा सापडणे कठीण. या पट्ट्यातील हरणांचा इतिहास पाहताना तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: हरणाला अन्न कोणाच्या जमिनीने पुरवले, त्याच्यावर हक्क कोणाचा मानला गेला, आणि त्याची राखण किंवा शिकार प्रत्यक्षात कोणी केली. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच माणूस आहे, असे वऱ्हाडात क्वचितच घडले, आणि आजच्या शेतकऱ्याच्या तक्रारीचे मूळ याच फारकतीत आहे.

‘हरीण’ हा शब्द बोलण्यात सैलपणे वापरला जातो, पण त्यात दोन भिन्न कुळांतील प्राणी येतात. चितळ, सांबर आणि भेकर यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात व ती गळून पुन्हा उगवतात. हे खरे मृग होत. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांची शिंगे आतून हाडाची व वरून पोकळ आवरणाची असून ती जन्मभर टिकतात. यांना शास्त्रीय मराठीत कुरंग म्हणतात. नीलगायीला वऱ्हाडात रोही हेच नाव आहे, आणि नावात गाय असली तरी तो कुरंगच आहे. शेतीच्या दृष्टीने या वर्गीकरणापेक्षा प्राण्यांच्या सवयी महत्त्वाच्या ठरतात. काळविटाला दाट जंगल मानवत नाही; आखूड गवताचे मोकळे माळ, दूरवर जाणारी नजर आणि धावण्याचा वेग यांवर तो जगतो. चौशिंगा आणि भेकर झाडी व पाणी सोडून फार लांब जात नाहीत. रोही मात्र झुडपी रानात दिवस काढून रात्री थेट वावरात उतरतो, आणि एकाच ठराविक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकण्याची त्याची खोड असल्यामुळे धुऱ्यावरचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरचा, तो ढीग पाहून त्याची नेहमीची वाट जाणत्याला ओळखता येते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला खाजगी जमीन आणि हरीण यांचे नाते अगदी उलट दिशेने घडले. उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेसुमार शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. ती आज तीन कोटींच्या आसपास मानली जाते. तेथील कायद्यानुसार वन्य प्राणी जनतेच्या मालकीचा असतो आणि शिकारीचा हंगाम व संख्या सरकार ठरवते, पण जमिनीत पाऊल टाकण्याची परवानगी देणे न देणे मालकाच्या हातात असते. त्यामुळे शेकडो एकरांचा धनी आपल्या रानातील काही तुकडे नांगरून त्यांत मुद्दाम हरणांसाठी क्लोव्हरसारखा द्विदल चारा, ओट किंवा सलगम पेरतो, आडोशासाठी झुडपे राखतो, आणि हंगामात शिकाऱ्यांना जमीन भाड्याने देतो. हरणाने खाल्लेला घास तेथे मालकाच्या गुंतवणुकीचा भाग होतो. वऱ्हाडात पेरलेला प्रत्येक तुकडा माणसासाठी किंवा बैलासाठी होता आणि हरणाने त्यातून आपला वाटा न विचारता घेतला.

तथापि हरणांसाठी जमीन राखण्याची कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीस अयोग्य असलेल्या भूमीच्या विनियोगाचे एक प्रकरण असून त्यात गुरांची कुरणे आणि तपस्व्यांची अरण्ये यांच्याबरोबर राजाच्या विहारासाठी मृगवन सांगितले आहे. त्याला एकच दार व भोवती खंदक असावा, आत फळझाडे व वेली असाव्यात, काटेरी झाडे नसावीत, हरणे माणसाळलेली असावीत, असा त्याचा तपशील आहे; शिवाय सर्व प्राण्यांना पाहुण्यासारखे मोकळे असलेले आणखी एक वनही तो सुचवतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की मृगवनाची जागा नांगराबाहेरच्या जमिनीत आहे, पिकाऊ जमिनीत नव्हे. पुढे वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना ज्या सवलती मिळत, त्यांत दौऱ्यावर येणाऱ्या राजपुरुषांना गवत, बसण्यासाठी चामडी आणि कोळसा पुरवण्यापासून सूट दिलेली आढळते. या घराण्याची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राज्य करीत होती आणि ते पातूरपासून घाट चढून गेल्यावर फार दूर नाही. गवत आणि चामडी या दोन्ही वस्तू रानाच्या, पण त्या पुरवण्याचा भार मात्र गावावर, अशी ही रीत त्या काळापासून कागदावर, खरे तर तांब्यावर, उमटलेली आहे.

मध्ययुगानंतर या भागात रमणा हा शब्द रुळला. मूळ अर्थाने रमणा म्हणजे शिकारीसाठी किंवा गवतासाठी राखून ठेवलेले कुंपणबंद वा मनाई केलेले रान. कोल्हापूरच्या छत्रपतींनी राधानगरी-दाजीपूरचे जंगल शिकारीसाठी राखले होते आणि त्याचेच पुढे 1958 साली अभयारण्य झाले. खाजगी हक्काच्या शिकाररानातून सार्वजनिक संरक्षणाकडे जाण्याचा हा सरळ मार्ग वऱ्हाडात घडू शकला नाही. येथे राजा, म्हणजे निजाम, दूर हैदराबादेत, आणि गावात देशमुख, पाटील व पटवारी वतनदार. त्यांपैकी कोणाच्याही ताब्यात हरणांचा कळप सामावेल एवढे सलग रान नव्हते. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेल्यावर 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी पद्धत लागू झाली, म्हणजे सरकारचा सारा प्रत्येक शेतकऱ्याकडून त्याच्या सर्व्हे नंबरावर थेट घेतला जाऊ लागला. या व्यवस्थेचा हरणांवर झालेला परिणाम पुस्तकांत फारसा नोंदवला जात नाही, पण तो मूलभूत आहे. काळविटांचा एक कळप आठवडाभरात कित्येक सर्व्हे नंबरांवरून फिरतो. अशा स्थितीत एखाद्याने आपल्या तुकड्यात हरणांसाठी चारा राखला तर लाभ सर्वांचा आणि तोटा त्याचा एकट्याचा, हे उघड असल्यामुळे खाजगी जमिनीवर हरीण जोपासण्याचे कारणच कोणाला उरले नाही.

रमणा हा शब्द मात्र इंग्रजी जंगल खात्याने उचलला. वऱ्हाडातील सरकारी रानाची विभागणी स्थूलमानाने तीन उद्देशांनी झाली: इमारती लाकूड व सरपण यांसाठी राखलेले जंगल, गवतासाठी व बाभळीसाठी राखलेले रमणे आणि बने, आणि गावच्या गुरांच्या चराईची राने. रमण्यात गुरे सोडण्यास मनाई असे आणि गवत पिकले की ते कापून नेण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. पावसाळा संपेपर्यंत जेथे गुरांचे तोंड लागत नाही, असे उंच गवताचे रान म्हणजे पाडसांना दडण्याची सर्वांत निर्धास्त जागा. कोणाच्याही मनात तसा हेतू नसताना हे रमणे वऱ्हाडातील हरणांचे खरे राखीव अन्नक्षेत्र ठरले, आणि वावरे व डोंगर यांच्यामधली उशीसारखी जागा त्यांनी सांभाळली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

दरम्यान वावरांत राखणीची स्वतंत्र व्यवस्था शतकानुशतके चालत आली होती. पीक निसवल्यापासून खळे होईपर्यंत रात्री वावरात जाऊन बसण्याला जागल म्हणतात. दिवसा पाखरे हाकणाऱ्याला सोंकारी. चार मेढी रोवून त्यांवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा माळा बांधायचा, खाली शेकोटी पेटती ठेवायची, आणि गोफणीत गुंडा घालून चाहूल लागेल त्या दिशेला भिरकवायचा, हे जागलीचे साधे तंत्र. गोफणीचा फटका आवाजासाठीही असतो. दोरीचे एक टोक सुटताना होणारा तडाखा गुंड्याइतकाच उपयोगी पडतो. याशिवाय पिकाच्या रचनेतही राखण गुंफलेली होती. ज्वारीच्या कडेने अंबाडीच्या ओळी धरत, आणि रब्बीत गहू किंवा हरभऱ्याभोवती करडई पेरत. करडई वाढली की तिच्या पानांचे काटे जनावराच्या नाकातोंडाला बोचतात आणि आतल्या पिकाला फुकटचे कुंपण मिळते. तेलबी घरात येते ती वेगळीच. एवढी राखण करूनही काही वाटा रानाला जाणार हे गृहीत धरलेले असे, आणि ज्वारीसारख्या कडब्याच्या पिकात तो सोसण्यासारखा होता, कारण कणीस गेले तरी धांडा बैलांसाठी उरतो.

या व्यवस्थेतील शिकारीचे अंग फासेपारध्यांकडे होते. अकोला, वाशीम आणि अमरावती या जिल्ह्यांत ही जमात आजही मोठ्या संख्येने आहे. मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा रसेल व हिरालाल यांचा ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध झाला. त्यात पारध्यांचे पोटभेद त्यांच्या साधनांवरून दिलेले आहेत: फासे लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगून त्याच्याकरवी काळवीट धरणारे चित्तेवाले, बंदूक वापरणारे शिकारी, आणि जात्याची तळी टाकीने टाकवून देण्याच्या कामावरून नाव पडलेले टाकणकार. फासा हे वरवर किरकोळ दिसणारे, पण अतिशय विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. चिवट दोरीला ठराविक अंतराने सरकगाठीचे फास बांधून ती दोरी खुंट्यांनी जमिनीत पक्की करतात, कळपाच्या वाटेवर ओळीने मांडतात, आणि मग दुसऱ्या बाजूने माणसे कळपाला घाई न करता हळूहळू त्या दिशेला वळवतात. कळप उधळला तर उड्या मारून फाशांवरून निघून जातो, म्हणून शिकारीचे सगळे कसब या संथपणात असते. जवळ जाण्यासाठी शिकवलेली गाय किंवा बैल आड धरून, त्याच्या चरण्याच्या गतीने चालण्याची रीतही होती, कारण गुराला हरीण बुजत नाही. तिसरी रीत ऐन-ए-अकबरीतही वर्णिलेली आहे: पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळे वा फास अडकवून त्याला कळपात सोडायचे, कळपाचा नर त्याच्याशी झुंजायला धावून येतो, आणि शिंगे गुंतली की दोघेही हाती लागतात.

पारध्याच्या शिकारीचे महत्त्व तिच्या मर्यादेत होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांनी शिकारीचे प्राणी व पद्धती आपसांत वाटून घेतल्या होत्या, आणि फाशात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून देण्याची पारध्यांची परंपरा होती. फाशात जनावर जिवंत सापडते, म्हणून असा विवेक शक्य होतो; गोळी सुटल्यानंतर तो शक्य नसतो. शेतकऱ्याला कळप आटोक्यात हवा, पारध्याला मांस आणि कातडे हवे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कळप हवा, या तिन्ही गरजांचा मेळ ज्या एका माणसाच्या हातांत बसत होता, त्याला इंग्रजी राज्याने गुन्हेगार ठरवले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या त्या धोरणाचा जाच पारध्यांना भोगावा लागला. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण जमातीवरचा संशय कायद्याबरोबर गेला नाही. या प्रदेशाच्या इतिहासातील हा अन्याय ठसठशीतपणे नोंदवला पाहिजे, कारण त्यामुळे एका समाजाची हानी झालीच, शिवाय कळपांच्या हालचालींविषयी पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान गावाच्या व्यवहारातून बाहेर फेकले गेले.

त्याच सुमारास जमिनीवरचा ताण वाढत होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. पाठोपाठ रेल्वेही आली. पड आणि गवताळ जमिनी नांगराखाली येत गेल्या, आणि काळविटाचे माळ आक्रसू लागले. बंदुकीचा प्रश्नही याच काळातला. 1878 च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना लागू लागला आणि पीकसंरक्षण हे परवान्याचे एक मान्य कारण ठरले. वऱ्हाड नावाने निजामाचाच मुलूख राहिल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत, परंतु धोरण तेच होते. 1912 च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने हरणांसह अनेक प्राण्यांना मनाईचे हंगाम लावण्याची सोय केली, आणि त्याच कायद्यात मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेली हत्या गुन्हा नाही असेही म्हटले होते. शेतकऱ्याचा आपल्या उभ्या पिकावरचा हक्क येथपर्यंत प्राण्याच्या संरक्षणापेक्षा वरचा मानला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली आणि पीकसंरक्षणाच्या बंदुकांना पुढील वर्षांत मोकळेपणा मिळाला. जीप आणि प्रखर दिवे आले. रात्री डोळ्यांवर प्रकाश पडताच हरीण जागच्या जागी थिजते. ते पळून वाचण्यासाठी घडलेले आहे, आणि दिव्याने त्याचा तो एकमेव उपाय काढून घेतला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशभर काळविटाची जी वाताहत झाली, तिच्यात या दिव्याचा वाटा फाशाहून कितीतरी मोठा आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र उलटे केले. काळविटाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण मिळाले. चितळ, सांबर आणि रोही तिसऱ्या अनुसूचीत गेले, आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकार पूर्णपणे थांबली. उभ्या पिकाला धोका झालेला प्राणी मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार अकराव्या कलमाने शासनाच्या अधिकाऱ्याकडे ठेवला, शेतकऱ्याच्या स्वतःच्या निर्णयाकडे नाही. एकोणचाळिसाव्या कलमानुसार शिकार झालेला किंवा मेलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. जिवंतपणी वावरात चरणारा रोही मात्र कोणाच्याच मालमत्तेत मोडत नाही, आणि त्याच्या खाण्याची जबाबदारी नुकसानभरपाईच्या रूपानेच काय ती शासनाकडे जाते. कायदा झाला तो अत्यंत गरजेच्या वेळी. तो नसता तर काळवीट वऱ्हाडात केवळ नावापुरता उरला असता. पण संरक्षणाचा खर्च कोणाच्या वावरातून निघणार, याचा विचार त्या कायद्याच्या मांडणीत नव्हता, आणि ही उणीव तितकीच खरी आहे.

संरक्षित क्षेत्रे पुढे वाढली. पातूरच्या पूर्वेला काटेपूर्णा अभयारण्य 1988 साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 74 चौरस किलोमीटर असून चौशिंगा आणि भेकर यांचे ते महत्त्वाचे घर आहे. काळविटांसाठी वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य 2000 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे 18 चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्या तुकड्यात राहणारा कळप सभोवतालच्या हरभऱ्यावर आणि तुरीवर चरणार, हे गणित उघडच आहे. या दोन क्षेत्रांच्या दरम्यान आणि भोवती जी राने उशीचे काम करीत होती, ती आता फारशी उरलेली नाहीत. विदर्भातील महसुली भाषेत गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. गेल्या काही दशकांत अशा जमिनींवर वहिती, वस्ती आणि अतिक्रमण होत गेले, आणि जेथे गवत टिकले तेथे ते पडीक समजून झाडे लावण्याची घाई झाली. गवताळ रान म्हणजे उजाड रान, हा समज काळविटाला आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पाखराला कुऱ्हाडीइतकाच घातक ठरला आहे. अकोला-वाशीम भागात अशी गवताळ राने राखण्याच्या कामात आज फासेपारधी कुटुंबे सहभागी होत आहेत. ज्या डोळ्यांनी पूर्वी कळपाची वाट ओळखली, तेच डोळे आता तणमोराचा ठाव सांगतात, ही या इतिहासातील सर्वांत आश्वासक घटना आहे.

पिकांतही बदल झाला. 1990 नंतर सोयाबीनने वऱ्हाडातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. सोयाबीनला कडबा नाही, काटा नाही, आणि त्याचा कोवळा पाला रोह्याला मानवतो. त्यामुळे ज्वारीच्या काळी सोसला जाणारा वाटा आता थेट रोख उत्पन्नातून जातो. करडई आणि अंबाडी या कडेच्या ओळी मजुरीच्या हिशेबात मागे पडल्या. वाघ-बिबट्यांचा दाब कमी, शिकार बंद, आणि गायीच्या नावामुळे मिळालेली सहानुभूती, यांमुळे रोही खोऱ्यातल्या सपाटीपर्यंत पसरला. महाराष्ट्र शासनाने 2015 साली पिकांचे नुकसान करणारे रोही आणि रानडुक्कर यांना मारण्याच्या परवानगीची वाट सुलभ केली, तरी ज्या गावात परवान्याची बंदूक नाही आणि ती चालवणारा हात नाही, तेथे त्या कागदाचा उपयोग मर्यादितच राहतो.

भरपाईच्या व्यवस्थेतही पिकाच्या स्वभावाची एक अडचण आहे. हरभरा फुलावर येण्यापूर्वी शेतकरी स्वतःच त्याचे शेंडे खुडतो, कारण खुडल्याने फांद्या फुटतात. त्याच अवस्थेत हरणांनी शेंडे खाल्ले तर रोप पुन्हा सावरते आणि पंचनाम्यात नुकसान दिसत नाही, पण पुढे घाटे भरताना तोच कळप आला तर हाती काही लागत नाही, आणि तोवर आधीचा अर्ज निकाली निघालेला असतो. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी एकत्र येऊन वावर पाहीपर्यंत खुरांचे ठसे भिजवणीच्या पाण्याने पुसले जातात.

म्हणून घाटाच्या पायथ्याच्या वावरांत जागल थांबलेली नाही. काहींनी सौर कुंपण घेतले आहे. काही ठिकाणी चोरून वीजप्रवाह सोडण्याचा जीवघेणा प्रकार होतो आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही दगावतात. बहुतेकांचे कुंपण मात्र साड्यांचे असते. घरातल्या आणि बाजारात वजनावर मिळणाऱ्या जुन्या साड्या बांबूंना बांधून धुऱ्याच्या चारी बाजूंनी ताणतात. वाऱ्याने पदर फडफडतो, रंग हलतो, आणि पहिले काही दिवस रोही बिचकतो. मग तो ओळखतो. तेव्हा साड्यांची जागा बदलली जाते, बॅटरी आणि पांघरूण घेऊन कोणीतरी माळ्यावर चढते, आणि डोंगराच्या अंगाने चाहूल आली की त्या दिशेला पहिली हाक जाते.